रिकामी पाटी घरी आण

देवा, कामट्या तासून झाल्या, पट्ट्या पाण्यात भिजत पडल्या आहेत आणि मी तुझ्यासमोर बसले आहे. पवित्र आठवडा चालू आहे. शनिवारी रात्री ईस्टरच्या जागरणाच्या मिस्साला अर्पणाची टोपली वेदीपाशी जाईल. यंदा ती विणायचं काम माझ्याकडे आलं आहे. हात माझे आहेत, भरवसा तुझा आहे. जरा जवळ बस, बापा.

माझी बोटं स्थिर ठेव.

हा बांबू तुझाच. गवताच्या जातीचा, पण वाढला की माडाची बरोबरी करायला निघतो. आयुष्यात एकदाच फुलतो, आणि फुलला की वाळून जातो. शेजारच्या काकूंच्या दारात पाडव्याला गुढी उभी राहते ती याच्याच काठीवर. तांदूळ याच्याच सुपात पाखडले जातात, लग्नाचा मांडव याच्याच आधाराने उभा राहतो, आणि काकूंकडचं माणूस गेलं की त्याला खांद्यावरून नेणारी तिरडीही याचीच असते. माणसांच्या कायद्याने 1927 पासून याला झाड म्हटलं. त्यामुळे स्वतःच्या बांधावरचा बांबू तोडून न्यायलाही कितीतरी ठिकाणी लोकांना परवान्यासाठी हेलपाटे घालावे लागले. 2017 साली कुठे जंगलाबाहेरच्या बांबूचं झाडपण काढून घेतलं. तू मात्र त्याला काही म्हणवून घ्यायला लावलं नाहीस. गवत म्हणून वाढवलंस आणि त्याच्याकडून एवढी कामं करून घेतलीस.

माझ्याकडूनही थोडं करून घे.

तुझे आभार मानते, देवा, त्या बाईसाठी जिने मला हे शिकवलं. जव्हारकडची वारली बाई. तिच्या घरात भात साठवायची कणगी बांबूची, शेणाने लिंपलेली. कोंबड्या झाकायची टोपलीही बांबूची. ती बोलायची कमी. माझा हात धरून पट्टी एका कामटीवरून, दुसरीखालून अशी फिरवायची. बुडाच्या कामट्या एकमेकींवर आडव्या-उभ्या टाकल्या, की बोटाने मोजायची आणि त्यांतली एक मधोमध चिरून दोन करायची. उभ्या कामट्यांची संख्या विषम लागते. सम असली तर पट्टी दुसऱ्या फेरीतही पहिल्याच वाटेने जाते, वरची वरच राहते, खालची खालीच, आणि वीण बसतच नाही. जोडीबाहेरची ती एक कामटी असते म्हणून प्रत्येक फेरी आधीच्या फेरीला आवळून धरते.

देवा, आमच्या पॅरिशमध्ये, आमच्या गल्लीत, नालासोपाऱ्याच्या भाड्याच्या खोल्यांत अशी जोडीबाहेरची किती माणसं आहेत. नवरा गेलेली, लग्न न झालेली, मुलं परदेशी असलेली, गाव सोडून इथे एकट्याने राहणारी. आम्ही त्यांना समारंभात शेवटच्या रांगेत बसवतो. त्यांना सांभाळ. त्यांच्यावाचून आमची वीण बसत नाही, हे आम्हाला दाखव.

आणि हे आम्हाला त्यांच्या हयातीत दाखव, दफनाच्या दिवशी नको.

बापा, तुझ्या पवित्र शास्त्रात टोपल्या पुष्कळ आहेत. एका आईने लव्हाळ्यांची टोपली केली, तिला डांबर आणि राळ लावली आणि तान्ह्या मोशेला नाईलच्या काठाशी सोडलं. दिमिष्कात पौलाला रात्री तटावरून खाली उतरवलं, तेही टोपलीतूनच. शेताचं पहिलं पीक टोपलीत घालून तुझ्यापुढे आणावं, अशी तू आज्ञा दिलीस. आणि पाच भाकरी, दोन माशांत हजारोंचं पोट भरल्यावर उरलेल्या तुकड्यांनी बारा टोपल्या भरल्या. चारही शुभवर्तमानांत त्या बारा टोपल्यांची मोजदाद आहे. त्या विणल्या कोणी, हे एकातही लिहिलेलं नाही.

तुला ठाऊक आहे, देवा. त्यांची नावं तुझ्यापाशी असतील.

बुरुडाचं नाव, वारली बाईचं नाव, विक्रमगड-मोखाड्याच्या डोंगरातून बांबूची मोळी डोक्यावर घेऊन उतरणाऱ्या कातकरी पोराचं नाव आमच्या अर्पणाच्या यादीत येत नाही. शनिवारी टोपली कोणी वाहिली ते सारं चर्च पाहील. बांबू कोणाच्या कोयत्याखाली फाटला ते कोणी विचारणार नाही. ते तू विचार. तिथे उभ्या असलेल्या मला विचार.

आता मी माझ्या आईबद्दल बोलते. तू तिला ओळखतोस. पहाटेच्या अंधारात ती वाडीत शिरायची, मोगऱ्याच्या कळ्या उमलायच्या आत खुडायची, केळीच्या पानांत बांधायची, वर ओलं फडकं घालायची आणि पाटी डोक्यावर घेऊन दादरच्या बाजाराला निघायची. लोकलच्या डब्यात पाटी पायांशी आणि त्या पाटीवर एक हात. अशा किती बायांनी वसईचा मोगरा, चाफा, भाजी, विड्याची पानं, सुकेळी डोक्यावरून मुंबईला नेली, ते तूच मोजलं असशील. संध्याकाळी ती परतली की घरात एकच प्रश्न असायचा, पाटी रिकामी झाली का? रिकामी झाली असेल तर ती काही बोलायची नाही. पाटी विहिरीच्या कठड्यावर झटकायची, उपडी घालायची, कपाळ-छाती-खांद्यांवर क्रूसाची खूण करायची आणि चुलीकडे वळायची. भरली पाटी परत आली, तर त्या रात्री घरात मोगऱ्याचा वास दरवळायचा आणि कोणाला जेवण गोड लागायचं नाही.

2020 चा ईस्टर 12 एप्रिलला आला. लोकल बंद, दादरचा बाजार बंद, चर्चची दारंही बंद. वाड्यांत मोगरा मात्र नेहमीसारखाच फुलला. तो झाडावर उमलला, झाडावर पिवळा पडला आणि झाडाखालीच गळला. पाट्या पडवीत टांगून राहिल्या. आम्ही मोबाइलवर मिस्सा पाहिली आणि कोणाच्या हातात देण्यासारखं काही उरलं नाही. तेव्हा मला आईचं समाधान कळलं. देण्याची वाट बंद झाली, की भरभराटसुद्धा सडते.

देवा, माझी भरली पाटी परत आणू नकोस.

कारण मी साठवणारी बाई आहे. कपाट साठवते, डबे साठवते, भिशीचे पैसे साठवते, आणि त्याहून जास्त जपून माणसांची बोलणी साठवते. कोण लग्नाला आलं नाही, कोणी वाटणीत बांधाची वीतभर जमीन जास्त घेतली, कोणी माझ्या मुलाला काय म्हटलं, सारं माझ्यापाशी जसंच्या तसं आहे. प्रायश्चित्तकाळात कपाळाला राख लावली, शुक्रवारी मांस वर्ज्य केलं, क्रूसाच्या वाटेची चौदा स्थानं गुडघ्यांवर केली. यातलं एकही बोलणं मात्र खाली ठेवलं नाही. ते तू माझ्या हातून सोडव. माझ्याने होत नाही. मी लहान आहे, आणि ओझं मीच वाढवलेलं आहे.

सोडव, प्रभो. हळूहळू का होईना, सोडव.

तुझ्या पुत्राच्या कबरीकडेही बाया पहाटेच निघाल्या होत्या. हातांत सुगंधी द्रव्यं होती. धोंड बाजूला झाली होती आणि आत कोणी नव्हतं. आम्ही दरवर्षी ज्यासाठी घंटा वाजवतो, एकमेकांना मिठ्या मारतो, मुलांना मार्झिपॅनची अंडी वाटतो, ती बातमी एवढीच आहे की ती जागा रिकामी होती. हे माझ्या साठवणाऱ्या मनात रुजव.

आता काठ बांधायला घेते. काठ सैल राहिला तर सारी वीण उसवते, म्हणून दुहेरी पट्टी घेऊन आवळते आहे. काही पट्ट्या हळदीच्या पाण्यात उकळल्या आहेत, त्यांचा पिवळा पट्टा मधोमध आला आहे. शनिवारी दुपारी काठाला आंब्याची पानं लावीन, त्यांवर अबोली आणि मोगऱ्याचा गजरा, आणि झावळ्यांच्या रविवारी मिळालेल्या पातीचा छोटा क्रूस पुढच्या बाजूला. आत वाडीतली केळी, कैऱ्या, दुधी, नवे तांदूळ. मोगरा शेजारच्या वाडीतून मागून आणायचा आहे, कारण आमची वाडी आता निम्मीच उरली आहे. उरलेल्या निम्म्यात इमारत आहे, आणि त्या इमारतीतही तुझीच लेकरं राहतात, म्हणून तिच्याविरुद्ध मी काही मागत नाही. मागते ते एवढंच, की ज्या विहिरींना अजून गोडं पाणी आहे त्या खाऱ्या होऊ देऊ नकोस. पावसाचं पाणी ज्या वाटेने समुद्राला जातं त्या वाटा बुजवण्याची बुद्धी आम्हाला देऊ नकोस. 2018 च्या जुलैत पूर येऊन वसईच्या मिठागरात माणसं अडकून पडली होती, ते पाणी आम्ही इतक्या लवकर विसरू नये.

तुंगारेश्वरच्या डोंगरावर पळस फुलवणाऱ्या देवा, तुझे आभार. खाऱ्या वाऱ्यातही मोगऱ्याला वास देणाऱ्या देवा, तुझे आभार. आईच्या डोक्यावरची पाटी वाटेत कधी कलंडू दिली नाहीस, त्याबद्दल आभार. वारली बाईच्या कमी बोलण्याबद्दल आभार. पट्टी बोटाला कापते तेव्हा काम थांबत नाही, त्याबद्दलही आभार.

टोपलीत जे जाईल ते वेदीपाशीच पडून राहू नये. मिस्सा संपल्यावर केळी, तांदूळ, दुधी ज्या घरी चूल अडली आहे त्या घरी पोचू दे. तिथे देताना आमचा चेहरा दात्याचा नसू दे. आणि टोपली रिकामी होऊन परत येऊ दे, म्हणजे पुढच्या वर्षी दुसऱ्या कोणाला ती भरता येईल.

शेवटचं मागणं, देवा. ईस्टर झाला की आम्ही पुन्हा बाजारात जाऊ. प्लॅस्टिकचं भांडं सांगितलेल्या किमतीला घेऊ आणि बुरुडीणीशी टोपलीच्या दहा रुपयांसाठी हुज्जत घालू. तेव्हा आमची जीभ आवर. ती सांगेल तो दाम तिच्या हातावर ठेवण्याची बुद्धी दे. आमेन.