वादळानंतरची कृतज्ञता





३ जून २०२० हा दिवस आठवून पाहा. रमजान ईद होऊन अवघे नऊ दिवस झाले होते. टाळेबंदीमुळे ईदची नमाजही आपण त्या वर्षी घराघरांत अदा केली होती. शव्वालच्या सहा रोजांचे ते दिवस होते. अशा वेळी अरबी समुद्रातून आलेले निसर्ग चक्रीवादळ दुपारी रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन-दिवेआगरच्या परिसरात किनाऱ्यावर धडकले. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड आणि दापोली तालुक्यांतील डोंगरउतारावरच्या वाड्या झोडपून काढल्या. घरांची कौले आणि पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले, उन्मळलेल्या झाडांनी घाटवाटा अडवल्या. वाड्यावस्त्यांना कित्येक दिवस अंधारात काढावे लागले.

येथे, समुद्रापासून दूर असलेल्या आपल्या शहरात, आपण ती दृश्ये पाहिली आणि आपल्या तोंडून सहज ‘अलहम्दुलिल्लाह’ निघाले. आपण वाचलो, याबद्दल अल्लाहचे आभार मानणे योग्यच आहे. परंतु प्रामाणिकपणे स्वतःला विचारू या की, ती कृतज्ञता होती की केवळ सुटकेचा निःश्वास? दुसऱ्याचे छप्पर उडाले आणि माझे राहिले, एवढ्यावर जो शुक्र संपतो, तो शुक्र अल्लाहच्या दरबारात कितपत स्वीकारला जाईल?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. कोठेही आपत्ती आली की आपल्यातील काही जण लगेच निवाडा देऊन टाकतात की हा तेथील लोकांच्या पापांवरील प्रकोप आहे. असे बोलणाऱ्याने क्षणभर थांबावे. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांचे लहानगे पुत्र इब्राहीम (रजि.) यांचे निधन झाले त्याच दिवशी सूर्यग्रहण लागले. लोक म्हणू लागले की, इब्राहीमच्या मृत्यूमुळेच सूर्य झाकोळला. त्या दुःखाच्या क्षणीही प्रेषितांनी (सल्ल.) त्यांना बजावले की, सूर्य आणि चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत, कोणाच्या मरण्याने वा जगण्याने त्यांना ग्रहण लागत नाही. जेथे प्रेषितांच्या घरच्या मृत्यूचाही असा अर्थ लावण्यास मनाई झाली, तेथे श्रीवर्धनच्या एखाद्या विधवेच्या पडक्या घराचा अर्थ लावणारे आपण कोण? उलट, बुडून किंवा ढिगाऱ्याखाली सापडून मृत्यू पावणाऱ्या ईमानधारकाची गणना हदीसमध्ये हुतात्म्यांत केलेली आहे.

निसर्गाच्या निशाण्यांतून बोध अवश्य घ्यावा, मात्र तो स्वतःसाठी घ्यावा. आदरणीय आयशा (रजि.) सांगतात की, आकाशात काळे ढग दाटून आले आणि वारा सुटला की प्रेषितांचा (सल्ल.) चेहरा बदलत असे. ते अस्वस्थपणे आत-बाहेर करीत. पाऊस पडू लागला की त्यांच्या मनावरचे ओझे उतरे. आद जमातीनेही येणाऱ्या ढगाला पाऊसच समजले होते, याची त्यांना आठवण होई. अल्लाहचा सर्वांत प्रिय दास वारा पाहून स्वतः थरारतो आणि दुआ करतो. तो शेजाऱ्याकडे बोट दाखवीत नाही.

आता ज्यांच्यावर संकट कोसळले त्यांचा विचार करू या. कोकणातील डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. श्रीवर्धनची रोठा सुपारी प्रसिद्धच आहे. तेथील असंख्य कुटुंबांची, त्यांत मुस्लिम कुटुंबे आलीच, मुलांची शिक्षणे आणि मुलींची लग्ने या झाडांवर झाली आहेत. आंब्याची फांदी मोडली तर खोडाला पुन्हा धुमारे फुटतात. पोफळीचे आणि माडाचे तसे नसते. त्यांचा वाढीचा कोंब एकच असतो, तोही शेंड्याला. शेंडा मोडला की झाड संपले. नवे रोप लावावे तर सुपारी धरण्यास पाच-सात वर्षे लागतात. आजोबांनी लावलेली वाडी नातवाच्या डोळ्यांदेखत काही तासांत भुईसपाट झाली, तेव्हा त्या घरातील माणसांच्या डोळ्यांत पाणी आले असेल तर तो ईमानचा कमकुवतपणा मानू नये. पुत्राच्या वियोगाने प्रेषितांचेही (सल्ल.) डोळे पाणावले होते. डोळे अश्रू ढाळतात, हृदय दुःखी होते, मात्र जिभेवर तेच यावे ज्याने पालनकर्ता प्रसन्न होईल, हीच शिकवण त्यांनी त्या प्रसंगी दिली. सब्र म्हणजे दुःख नसणे नव्हे. दुःख असतानाही अल्लाहशी असलेले नाते तुटू न देणे म्हणजे सब्र.

मग अशा माणसाने शुक्र कशाचा करावा? याचे उत्तर पवित्र कुरआनच्या सूरह सबामध्ये आहे. तेथे अल्लाह दाऊद (अलै.) यांच्या घराण्याला कृतज्ञतेचा आदेश देतो, तेव्हा केवळ ‘आभार माना’ असे म्हणत नाही, कृतज्ञतापूर्वक कर्म करा, असा त्या आदेशाचा आशय आहे. आणि पुढे हेही सांगितले आहे की, अल्लाहच्या दासांपैकी कृतज्ञ थोडेच असतात. शुक्र जिभेवर सुरू होतो आणि हातांनी पूर्ण होतो. जे हरवले त्याची गणती करून झाल्यावर जे उरले ते कामाला लावणे, हाच शुक्र. हात शाबूत असतील तर त्यांचा शुक्र रस्त्यातले झाड तोडण्यात आहे. घर शाबूत असेल तर त्याचा शुक्र शेजाऱ्याला आसरा देण्यात आहे.

प्रेषितांनी (सल्ल.) दिलेली एक शिकवण या ठिकाणी मनावर कोरून ठेवावी अशी आहे. प्रत्यक्ष कयामतची घटिका येऊन ठेपली आणि तुमच्यापैकी कोणाच्या हाती रोप असेल, तर शक्य असल्यास त्याने ते लावूनच घ्यावे, असा त्या हदीसचा आशय आहे. विचार करा, ज्या रोपाची सावली कोणालाच मिळणार नाही तेही लावायचे! मग ज्याला पाच-सात वर्षांनी फळ येणार आहे, ते का लावू नये? दुसऱ्या एका हदीसनुसार ईमानधारकाने लावलेल्या झाडाचे जे फळ माणूस, पक्षी किंवा जनावर खाईल, ते त्याच्यासाठी सदका ठरते. म्हणून मोडलेल्या वाडीत पोफळीचे नवे रोप लावण्यासाठी वाकलेला शेतकरी एक प्रकारे इबादतच करीत असतो. २०२० च्या पावसाळ्यात जी रोपे लावली गेली, त्यांना फळ धरण्याचे दिवस आता आले आहेत. आशा म्हणतात ती हीच. आशा म्हणजे सर्व काही पूर्ववत होईल ही खात्री नव्हे. फळ अल्लाहवर सोपवून आज खड्डा खणणे म्हणजे आशा.

पुढच्याच वर्षी याच भूमीची पुन्हा कसोटी लागली. २१ जुलै २०२१ रोजी बकरी ईद झाली आणि दुसऱ्याच दिवशी सावित्रीच्या पुराने महाड आणि वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले. महाड तालुक्यातील तळिये गावावर डोंगराचा कडा कोसळून ८० हून अधिक माणसे दगावली. तेव्हा राज्यभरातून मदतीच्या गाड्या कोकणाकडे धावल्या. चिखल उपसताना कोणी कोणाचा धर्म विचारला नाही. जो माणसांचे आभार मानत नाही तो अल्लाहचेही आभार मानत नाही, ही प्रेषितांची (सल्ल.) शिकवण येथे लागू पडते. खांबावर चढून वीज जोडणारा कर्मचारी, ढिगारा उपसणारा जवान, भाकरी आणून देणारी अनोळखी बहीण, या सर्वांचे ऋण मान्य करणे हा अल्लाहच्या शुक्राचाच भाग आहे.

आणि वाचकहो, ‘आपण वाचलो’ असे म्हणण्याची सोय आपल्यालाही फार काळ राहिली नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये अतिवृष्टीने मराठवाड्यातील शेते पाण्याखाली गेली. ज्या नाथसागराच्या पाण्याकडे आपण दुष्काळात डोळे लावून बसतो, त्याचे दरवाजे उघडावे लागले आणि पैठणच्या खालची गोदाकाठची गावे धास्तावली. त्या दिवसांत आपल्याला काय ऐकावेसे वाटत होते? आपल्या पापांची यादी, की दारात उभ्या राहिलेल्या माणसाचा सलाम? जे आपल्याला हवे होते तेच पुढच्या वेळी दुसऱ्याला देणे, एवढेच आपले काम.

आपल्या शहरातील पाणचक्की आपण मुलाबाळांसह पाहिली असेल. दूरच्या डोंगरातील पाणी जमिनीखालच्या मातीच्या नळांतून तेथवर येई, उंचावरून पडून जाते फिरवी आणि फकिरांच्या, वाटसरूंच्या भाकरीचे पीठ दळले जाई. डोंगरातून वाहून येणारे पाणी गावे बुडवू शकते, तेच पाणी येथे भुकेल्याचे पोट भरी. मधल्या वाटेवर कोणीतरी हात राबवले होते, एवढाच फरक. नेमतीचेही तसेच आहे.

म्हणून या महिन्यात तीन गोष्टींचा निश्चय करू या. पहिली, घरखर्चातून आपत्तीग्रस्तांसाठी थोडी रक्कम नियमाने बाजूला काढू या. वादळ आल्यावर हात चाचपण्यापेक्षा ते बरे. दुसरी, इशाऱ्याचा आदर करू या. उंट आधी बांधा, मग अल्लाहवर भरवसा ठेवा, ही प्रेषितांची (सल्ल.) शिकवण आहे. निसर्ग वादळापूर्वी किनाऱ्यावरील हजारो लोकांना सुरक्षित स्थळी हलवण्यात आले, त्यामुळे कितीतरी जीव वाचले. नदीकाठी आणि डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्यांनी घर सोडण्याची सूचना तवक्कुलच्या नावाखाली टाळू नये. तिसरी, मुलांच्या हातून एक तरी रोप लावून घेऊ या आणि ते का लावायचे, हे त्यांना सांगू या.

हे पालनकर्त्या! ज्यांची घरे आणि वाड्या गेल्या त्यांना सब्र दे, त्यांच्या नव्या रोपांत बरकत दे. ज्यांना तू वाचवलेस त्यांचा शुक्र त्यांच्या हातांत उतरव. वाऱ्यातील भलाई आमच्या वाट्याला येऊ दे आणि त्यातील अनिष्टापासून सर्व माणसांचे रक्षण कर. आमीन.