भेकराची हाक

आश्विन सरत आला की पनवेलच्या आसपास भात पिवळं पडतं. बांधावर पहाटे दुभंगलेल्या चिमुकल्या खुरांचे ठसे दिसले, तर समजावं, रात्री भेकर येऊन गेलं असावं. कर्नाळा अभयारण्य पक्ष्यांसाठी प्रसिद्ध, पण महामार्गालगतच्या त्या झाडीत हे लाजरं हरीणही राहतं. नराला आखूड शिंगं आणि ओठाबाहेर डोकावणारे सुळे. धोका जाणवला की ते चक्क भुंकतं. नवख्याला वाटतं, वाडीतला मोत्याच!

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याची शिकार गुन्हा ठरली. तरी डुकरासाठी म्हणून कुणी तारेची फासकी लावतं. फासकीला डुक्कर काय, भेकर काय! अशी फासकी दिसली, तर वनखात्याला 1926 या क्रमांकावर जरूर कळवा.