‘म्हणून’ आणि ‘तेव्हा’

२८ डिसेंबर
आजचं वाचन : मत्तय २:१३-१८, लूक २:१५-२०



नाताळ होऊन तीन दिवस झाले. गॅलरीतला तारा अजून लागतोय, डब्याच्या तळाशी थोडी शंकरपाळी उरली आहेत. आणि आजच्या दिवशी अनेक मंडळ्या बेथलेहेममधल्या त्या बाळांची आठवण करतात, ज्यांना हेरोदाने मारून टाकलं. खरं सांगायचं तर हा शास्त्रभाग मी दरवर्षी भरभर वाचून पुढे जातो. मेंढपाळ, मागी लोक, तारा इथपर्यंत छान असतं. त्यानंतरचं नाताळच्या कार्डावर कोणी छापत नाही. या वर्षी मात्र मला पुढे जाता आलं नाही.

आमच्या घरासाठी हे वर्ष मोठ्या बदलांचं होतं. फेब्रुवारीत माझी नोकरी गेली. सकाळी एक व्हिडिओ कॉल, पंधरा मिनिटं, आणि आमची अकरा जणांची टीम बंद. तीन आठवड्यांनी नगरहून आईचा फोन आला, पप्पांना ॲडमिट केलंय. मी बॅग भरून निघालो. पुढचे सात आठवडे तिथेच होतो. डायलिसिसला नेणं-आणणं, रात्री पाय चेपून देणं, त्यांना स्तोत्रं वाचून दाखवणं. बारावीनंतर पप्पांबरोबर इतके दिवस सलग मी कधी राहिलोच नव्हतो. मे महिन्यात ते प्रभूजवळ गेले. जूनमध्ये मला नवी नोकरी लागली. ऑगस्टमध्ये नगरचं घर बंद झालं, आणि आई तिची शिलाई मशीन आणि पप्पांचं रेघा मारलेलं पवित्र शास्त्र घेऊन पुण्याला आमच्याकडे आली.

नाताळच्या आदल्या रविवारी आमच्या घरी प्रार्थना सभा होती. मी साक्ष दिली. म्हणालो, देवाने माझी नोकरी काढून घेतली, म्हणून मी शेवटच्या दिवसांत पप्पांजवळ असू शकलो. त्याची योजना किती परिपूर्ण आहे! सगळ्यांनी ‘आमेन’ म्हटलं. आईने पदराने डोळे पुसले.

दाराजवळच्या खुर्चीवर माझ्या जुन्या टीममधला मित्र बसला होता. तो ख्रिस्ती नाही, पण आईच्या करंज्यांसाठी दरवर्षी हक्काने येतो. फेब्रुवारीतल्या त्याच कॉलवर त्याचीही नोकरी गेली होती. अजून पक्की मिळालेली नाही. हप्ता भरता यावा म्हणून त्याने फ्लॅट भाड्याने दिलाय, बायको-मुलाला नांदेडला आईवडिलांकडे ठेवलंय, आणि स्वतः कॉट बेसिसवर राहून मिळेल ते काम करतोय. त्याला खाली सोडायला गेलो तेव्हा जिन्यात तो म्हणाला, “तुझ्या पप्पांसाठी तुझी नोकरी गेली, ठीक आहे. मग माझी कशासाठी गेली रे?”

आवाजात टोमणा नव्हता. त्याला खरंच विचारायचं होतं. ‘देवाची काहीतरी योजना असेल’ हे वाक्य माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. बरं झालं, मी ते गिळलं.

आपल्या कामात काही बंद पडलं की आपण आधी लॉग उघडतो. दोन ओळी एकाखाली एक दिसल्या की नवीन मुलगा लगेच म्हणतो, “सर, सापडलं! हे झालं म्हणून ते झालं.” आपण त्याला समजावतो की लॉगमध्ये फक्त क्रम दिसतो. आधी काय, नंतर काय, एवढंच. कारण वेगळं शोधावं लागतं. हेच मी ज्युनियर मुलांना दहा वर्षं शिकवतोय, आणि देवाच्या बाबतीत मात्र दोन ओळी वाचून थेट निष्कर्ष काढून मोकळा झालो.

त्या रात्री मत्तयाचा दुसरा अध्याय पुन्हा उघडला. योसेफाला स्वप्नात सूचना मिळते, तो बाळाला आणि मरीयेला घेऊन रातोरात मिसर देशात जातो. एक बाळ वाचतं. बाकीच्यांच्या बापांना असं स्वप्न पडत नाही. म्हणजे माझ्या मित्राचा प्रश्न नाताळच्या गोष्टीतच आहे. पहिल्या नाताळपासून आहे.

आता मत्तय काय करतो ते बघा. येशूच्या जन्माच्या आणि बालपणाच्या गोष्टीत तो वारंवार सांगतो की संदेष्ट्यांनी सांगितलेलं पूर्ण व्हावं ‘म्हणून’ हे झालं. कुमारीच्या पोटी जन्म, मिसरहून परत येणं, नासरेथात राहणं, सगळीकडे ‘म्हणून’. पण बाळांच्या हत्येपाशी आल्यावर तो शब्द बदलतो. मूळ ग्रीकमध्ये तिथे ‘तेव्हा’ असा शब्द आहे. ‘तेव्हा’ यिर्मयाचं वचन पूर्ण झालं. पुढे यहूदाच्या तीस नाण्यांपाशीही तो तसंच लिहितो. ज्या माणसाला प्रत्येक गोष्टीत देवाचा हेतू दिसतो, तोसुद्धा हेरोदाच्या तलवारीवर देवाचा हेतू चिकटवत नाही. तो फक्त राहेलीचं रडणं ऐकवतो. यिर्मयाच्या पुस्तकात त्या रडण्यानंतर लगेच सांत्वनाच्या ओळी येतात. मत्तय त्या इथे देत नाही. आईला रडू देतो.

तुम्ही म्हणाल, मग उत्पत्तीतल्या योसेफाचं काय? भावांनी त्याला विकलं, आणि शेवटी तोच म्हणाला की तुम्ही वाईट योजलं पण देवाने त्यातून चांगलं योजलं. बरोबर आहे, मी ते मनापासून मानतो. पण हे कोण म्हणतंय? जो विकला गेला तो स्वतः. किती वर्षांनी? कित्येक वर्षं लोटल्यावर. आणि कशासाठी? घाबरलेल्या भावांना क्षमा करताना. स्वतःच्या जखमेबद्दल असं म्हणायचा अधिकार त्याला होता. त्याच तुरुंगात त्याच्याबरोबर राजाचा आचारीही होता. तो फासावर गेला. ‘तुझं मरण माझ्या सुटकेसाठी होतं’ असं योसेफ त्याच्याबद्दल कुठेही म्हणत नाही.

आता जे लिहितोय ते लिहायला मला लाज वाटते. मार्च ते डिसेंबर या काळात मी त्या मित्राला दोनदा फोन केला. फक्त दोनदा. नवीन कंपनीत जूनपासून आहे, तिथे त्याचा रेझ्युमे द्यायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. का? कारण माझ्या मनात ती गोष्ट पूर्ण झाली होती. देवाने ठरवलं, पार पाडलं, फाईल बंद. दुसऱ्याच्या दुःखाला आपण देवाची योजना म्हटलं की आपली जबाबदारी संपते. माझी साक्ष खोटी नव्हती, पण तिने मला आळशी केलं होतं.

मग आभार मानायचेच नाहीत का? मानायचे. ते सात आठवडे देणगीच होते, आणि तेव्हा प्रभू त्या हॉस्पिटलच्या बाकड्यावर आमच्याबरोबर होता, याची मला खात्री आहे. इम्मानुएल या नावाचा अर्थही तोच, आम्हांबरोबर देव. त्या नावात स्पष्टीकरण नाही, सोबत आहे.

लूक सांगतो की मेंढपाळ गेल्यावर मरीयेने सगळ्या गोष्टी मनात जपून ठेवल्या आणि त्यांच्यावर विचार करत राहिली. तिथल्या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ ‘एकत्र टाकणं, शेजारी शेजारी ठेवणं’ असा आहे. देवदूताचं बोलणं आणि गोठ्यातली गव्हाण, दोन्ही शेजारी. तिने घाईने जोडणी केली नाही. मलाही हे वर्ष तसंच ठेवायचंय. पप्पांचे पाय चेपलेल्या रात्री, आणि शेजारी नांदेडहून बापाला व्हिडिओ कॉल करणारा तो लहान मुलगा.

परवा मित्राला फोन केला. माफी मागितली. तो हसला, म्हणाला, “अरे, करंज्या उरल्यात का ते सांग.” रेझ्युमे आज सकाळी पाठवलाय. पुढे काय होईल माहीत नाही. झालंच काही, तर त्याची साक्ष तो देईल, मी नाही.

आजच्या मननासाठी : या वर्षाच्या माझ्या साक्षीत कोणाचं दुःख मी परस्पर ‘योजना’ म्हणून मिटवून टाकलंय?

प्रार्थना : प्रभू, जे दिलंस त्याबद्दल तुझे उपकार मानतो. जे कळत नाही ते घाईने समजावून सांगण्यापासून मला आवर. रडणाऱ्याजवळ मला गप्प बसायला शिकव, आणि मग उठून काहीतरी करायलाही. येशूच्या नावात, आमेन.