गाडी कुणाची, जोखीम कुणाची?

मोठ्या कंपन्यांनी आपली मालवाहतूक विजेवर नेण्याची घोषणा करणे आता नित्याचे झाले आहे. अमेझॉनने 2020 मध्ये जाहीर केले की 2025 पर्यंत भारतात दहा हजार इलेक्ट्रिक गाड्या माल पोचवतील. फ्लिपकार्टने त्याच वर्षी 2030 ची मुदत घेऊन सगळ्याच पोचवणीच्या गाड्या विजेवर नेण्याचे ठरवले. या घोषणांचे मी मनापासून स्वागत करतो. पण आपल्या दारात पार्सल घेऊन येणारी गाडी पुष्कळदा कंपनीची नसतेच. ती एखाद्या छोट्या वाहतूकदाराची असते, नाहीतर चालवणाऱ्याची स्वतःची. कर्ज त्याच्या नावावर, विमा त्याचा, टायर त्याचे आणि गाडी उभी राहिली तर बुडालेला रोजही त्याचाच. घोषणा करणारा एक आणि हप्ता भरणारा दुसरा, अशी ही वाटणी आहे.

व्यवसायांना इलेक्ट्रिक वाहनांकडे वळवायचे म्हणजे गाडी स्वस्त करायची, असे आपण धरून चाललो आहोत. माझे म्हणणे असे की अडचण गाडीच्या किमतीपेक्षा जोखमीच्या वाटणीत आहे. ज्याच्याकडे सगळ्यांत कमी भांडवल, त्याच्याच माथ्यावर बदलाची सगळी जोखीम टाकली आहे. ती वाटून घेतली नाही, तर अनुदान कितीही वाढवले तरी हा बदल वरवरचाच राहील.

हिशेब मांडून पाहू. टाटांनी जून 2025 मध्ये ‘एस प्रो’ ही छोटी मालवाहू गाडी बाजारात आणली, तेव्हा पेट्रोल गाडीची किंमत 3.99 लाखांपासून होती आणि विजेच्या गाडीची 6.50 लाखांपासून. म्हणजे फरक अडीच लाखांचा. गाडी रोज 80 किलोमीटर आणि महिन्याला 25 दिवस चालली, तर वर्षाला 24 हजार किलोमीटर होतात. पेट्रोल लिटरला 104 रुपये आणि गाडी लिटरमागे 18 किलोमीटर जाते असे धरले, तर किलोमीटरला पावणेसहा रुपयांच्या आसपास इंधन लागते. विजेच्या गाडीला चार्जिंगमधली गळती धरून किलोमीटरला 0.15 युनिट लागले आणि युनिटला 10 रुपये पडले, तर खर्च दीड रुपया. वर्षाला सुमारे एक लाखाची बचत होते. जास्तीचे अडीच लाख, व्याज धरूनही, तीन वर्षांच्या आत-बाहेर वसूल होतात.

हा हिशेब कागदावर चोख आहे. पण तो दोन गोष्टींवर उभा आहे. पहिली म्हणजे गाडीला रोज 80 किलोमीटरचे काम मिळाले पाहिजे. काम निम्म्यावर आले की वसुलीला पाच वर्षांहून अधिक लागतात आणि तोवर कर्जाची मुदतही सरून गेलेली असते. दुसरी म्हणजे वीज स्वतःच्या मीटरवरची हवी. सार्वजनिक चार्जरवर युनिटला 20 रुपये आणि वर 18 टक्के जीएसटी भरावा लागला, तर किलोमीटरचा खर्च साडेतीन रुपयांवर जातो आणि बचत जवळजवळ निम्मी होते. म्हणजे गाडी तीच, चालवणारा तोच; पण रोजचे काम आणि रात्रीची जागा या दोन गोष्टी नफा-तोटा ठरवतात. दोन्ही गोष्टी गाडीमालकाच्या हातात नाहीत.

पुण्याच्या मार्केट यार्डात भल्या पहाटे भाजीपाल्याच्या गाड्या रिकाम्या होतात, तेव्हा बाहेर छोट्या हत्तींची, म्हणजे छोट्या मालवाहू टेम्पोंची, रांग लागलेली असते. मंडया, हॉटेले, खानावळी, उपनगरांतले भाजीवाले अशा खेपा होतात आणि बहुतेकांचे सकाळचे काम दुपारच्या आत उरकते. मग पुढचे भाडे येईपर्यंत गाडी उभी. अंतर मोजके, रस्ते ठरलेले, मधे तासन् तास विश्रांती. इलेक्ट्रिक गाडीला याहून सोयीचे काम शोधून सापडणार नाही. पण रात्री हीच गाडी बिबवेवाडीच्या किंवा कात्रजच्या एखाद्या गल्लीत, भाड्याच्या खोलीसमोर रस्त्याच्या कडेला लागते. मीटर घरमालकाचा. वरच्या मजल्यावरून वायर सोडून गाडी चार्ज करू देणारा घरमालक विरळाच, आणि तसे करणे धोक्याचेही आहे. सोसायटीत राहणाऱ्यालाही परवानगीसाठी सभेची वाट पाहावी लागते. दुपारी यार्डाच्या आवारात गाडी उभी असते तिथेच प्लग मिळाला, तर हा प्रश्न जागच्या जागी सुटेल. शिवाय केंद्राच्या 2023 च्या वीजग्राहक नियमांनी सौरऊर्जेच्या तासांत वीज किमान 20 टक्के स्वस्त ठेवण्याचे तत्त्व मान्य केले आहे. टेम्पो उभा असतो तेही तेच तास.

सरकारी मदत मात्र या गाडीला चुकवून जाते. केंद्राची पीएम ई-ड्राइव्ह योजना ऑक्टोबर 2024 मध्ये 10,900 कोटींच्या तरतुदीने सुरू झाली. तिच्यात दुचाकी आल्या, तीनचाकी आल्या, बस आल्या. साडेतीन टनांवरच्या ट्रकसाठी जुना ट्रक भंगारात काढण्याच्या अटीवर 9.6 लाखांपर्यंत सवलतही आली. मधला छोटा हत्ती राहून गेला. राज्याच्या 2025 च्या धोरणाने हलकी मालवाहू वाहने अनुदानाच्या कक्षेत घेतली, हे चांगलेच झाले. पण सप्टेंबर 2025 मध्ये पेट्रोल-डिझेलच्या मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आणि विजेच्या गाड्यांवरचा 5 टक्केच राहिला. किमतीतली दरी आणखी रुंदावली.

जोखीम वाटून घेतली की काय घडते, हे सरकारने बसच्या बाबतीत दाखवून दिले आहे. पूर्वी महामंडळे बस विकत घेत. आता बहुतेक ठिकाणी कंत्राटदार बस आणतो, चालवतो आणि त्याला किलोमीटरमागे ठरलेला दर मिळतो. करार दहा-बारा वर्षांचा असतो आणि किमान किलोमीटरची हमी असते. 2022 मध्ये कोलकाता, दिल्ली, बंगळुरू, हैदराबाद आणि सुरत या पाच शहरांची 5,450 बसची मागणी एकत्र करून निविदा निघाली, तेव्हा बारा मीटरच्या बसचा दर किलोमीटरला 43.49 रुपयांपर्यंत खाली आला. तरी कंत्राटदारांना आणि बँकांना भीती होती की महामंडळे पैसे थकवतील. म्हणून सप्टेंबर 2024 मध्ये केंद्राने 3,435 कोटींची देयक-हमी योजना मंजूर केली. महामंडळाने बिल थकवले तर त्या निधीतून पैसे मिळतात. लांब मुदतीचा करार, कामाची हमी आणि पैशाची हमी यांच्या बळावर बँक कर्ज देते.

हमी असली म्हणजे सगळे आपोआप घडते, असे मात्र नाही. एसटीने 5,150 इलेक्ट्रिक बस भाड्याने घेण्याचे ठरवले. पुरवठा वेळापत्रकाच्या इतका मागे पडला की 2025 मध्ये परिवहनमंत्र्यांनी करार रद्द करण्याचे निर्देश दिले. डिसेंबर 2024 मध्ये कुर्ल्यात बेस्टच्या भाडेतत्त्वावरील इलेक्ट्रिक बसचा भीषण अपघात झाला आणि चालकांच्या प्रशिक्षणाचा प्रश्न ऐरणीवर आला. करार पाळून घेणारी यंत्रणा आणि गाडी हाताळायला शिकलेला माणूस, दोन्ही नसतील तर लोकांच्या जिवावर बेतते. पण दिशा बरोबर आहे, आणि शेकडो बसच्या कंत्राटदाराला जी हमी मिळते तिच्या दशांशही एका टेम्पोच्या मालकाला मिळत नाही.

म्हणून पहिली मागणी माल पाठवणाऱ्या कंपन्यांकडे आहे. वाहतूकदाराने विजेची गाडी घ्यावी असे वाटत असेल, तर त्याच्याशी करार कर्जाच्या मुदतीइतका करा. हप्ता चार वर्षांचा आणि करार महिन्याभराच्या नोटिशीने मोडता येणारा, ही अवस्था टिकणारी नाही. दिवसाला किमान किलोमीटरचे पैसे बांधून द्या. लघुउद्योग कायद्याने पंचेचाळीस दिवसांत पैसे देण्याचे बंधन 2006 पासून आहे. ते वाहतूकदाराच्या बिलालाही मनापासून लावा. गोदामात माल भरताना गाडी तासभर उभी असते, तिथे चार्जर बसवा आणि तो बाहेरच्या गाडीमालकालाही त्याच दराने वापरू द्या.

दुसरी मागणी सरकारकडे आहे. वित्तसंस्था विजेच्या टेम्पोला चढे व्याज लावतात, कारण हप्ते थकले आणि गाडी ओढून आणली तर ती कितीला विकली जाईल हे त्यांना ठाऊक नसते. जुन्या डिझेल टेम्पोला कुठल्याही तालुक्याच्या गावी गिऱ्हाईक मिळते; जुन्या बॅटरीची तब्येत कुणी सांगत नाही. तिची प्रमाणित तपासणी आणि छोट्या मालकांच्या कर्जाला अंशतः सरकारी हमी, या दोन गोष्टींनी व्याज खाली येईल. बाजार समित्या आणि औद्योगिक वसाहतींत चार्जिंगची सोय करताना महावितरणने ट्रान्सफॉर्मरचा खर्च पहिल्या अर्जदाराच्या गळ्यात घालू नये.

यावर कंपन्या म्हणतील की मागणी रोज बदलते, चार वर्षांचा शब्द कसा द्यायचा? अडचण खरी आहे. पण हीच अनिश्चितता आज टेम्पोवाला एकटा सोसतो आणि त्याच्याकडे तर दुसरे गिऱ्हाईकही नसते. ज्या कंपनीकडे शेकडो मार्ग आहेत, ती एका मार्गावरची गाडी दुसऱ्यावर वळवू शकते. एकाच गाडीच्या मालकाला तो पर्याय नाही. आपली बरीच वीज आजही कोळशावर बनते, हाही आक्षेप खरा आहे. तरी दाट वस्तीत नाकाशी येणारा धूर विजेच्या गाडीने थांबतो, आणि दुपारच्या उन्हाची वीज वापरली तर कोळशाचा वाटाही घटतो.

स्वच्छ हवेचा लाभ सगळ्या शहराला मिळणार आहे आणि हरित वाहतुकीचे श्रेय कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत छापून येणार आहे. मग तोट्याची शक्यता तेवढी एका कर्जदाराच्या नावावर ठेवणे न्याय्य नाही आणि व्यवहार्यही नाही, कारण ज्याचे घर त्या हप्त्यावर चालते तो माणूस खात्री झाल्याखेरीज पेट्रोल सोडणार नाही. यापुढे एखाद्या कंपनीने हजारो इलेक्ट्रिक गाड्यांची घोषणा केली, तर गाड्यांचा आकडा ऐकून थांबू नये. त्या गाड्यांचे करार किती वर्षांचे आहेत आणि हप्ते कुणाच्या नावावर आहेत, हे विचारावे. मंत्रालयानेही सवलत देण्याआधी हेच विचारावे.