दानलेख आणि ऋणलेख : स्वल्पव्ययी इतिहासपटाची नैतिकता

वाहिनी, शासन किंवा एखादी धनाढ्य संस्था यांपैकी कोणाच्याही आश्रयाविना, तुटपुंज्या साधनांवर तयार झालेल्या दीर्घ इतिहासविषयक अनुबोधपटाची (यापुढे सोयीसाठी 'इतिहासपट') चर्चा मराठीत बहुधा दोन अंगांनी होते. निर्मात्याच्या चिकाटीचे कौतुक हे पहिले अंग, आणि आश्रयदाता नसल्यामुळे त्याला लाभलेल्या मतस्वातंत्र्याचा गौरव हे दुसरे. ही दोन्ही अंगे खरी आहेत. मात्र 'अल्प खर्च' हा शब्दप्रयोग मान्य करताना एक प्रश्न नजरेतून निसटतो. हा खर्च अल्प कोणाच्या दृष्टीने? जे पैशाने घेतले नाही ते विनामूल्य मिळाले, असे निर्मात्याच्या जमाखर्चावरून दिसेल. परंतु ते कोणीतरी दिलेले असते. ज्याने दिले त्याच्याकडे जमाखर्चाची वही नसते, एवढेच. स्वल्पव्ययी इतिहासपटाच्या नैतिकतेचा विचार या दुसऱ्या, न लिहिलेल्या वहीपासून सुरू व्हायला हवा.

या विचाराला जुन्नरच्या परिसरात एक जुना संदर्भ उपलब्ध आहे. कोकणातून जुन्नरकडे चढणाऱ्या नाणेघाटाच्या माथ्यावरील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेख आहे. त्यात राजकुळाने केलेल्या यज्ञांची आणि त्या यज्ञांत दिलेल्या दक्षिणांची नोंद आहे. गाई, घोडे, हत्ती, कार्षापणे अशी ही यादी आकड्यांसह येते. भारतीय अंकचिन्हांच्या अभ्यासकांना हा लेख महत्त्वाचा वाटतो तो याच आकड्यांमुळे. त्याच लेण्यात एके काळी राजकुळातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या. मूर्ती नष्ट झाल्या. त्यांच्यावर कोरलेली नावे मात्र वाचता येतात. जुन्नरभोवतीच्या बौद्ध लेण्यांतील लेखही बहुतांशी दानलेखच आहेत. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने दिलेले लेणे व पाण्याचे टाके, यवन दात्याने संघाला दिलेला भोजनमंडप, क्षत्रप नहपानाच्या अमात्याचे दान, अशा नोंदींवरूनच या प्रदेशाचा प्राचीन सामाजिक इतिहास अभ्यासकांना रचता आला. दात्यांत राजकुळ आहे, तसे कारागीर आणि व्यापारीही आहेत. आजच्या भाषेत सांगायचे तर ही लेणी अनेकांच्या वर्गणीतून उभी राहिली, आणि वर्गणीदाराचे नाव कृतीच्या अंगावरच कोरले गेले.

इतिहासाचे साधन आणि त्या साधनाचा खर्च येथे एकाच दगडावर नोंदले गेले आहेत. इतिहासपटात मात्र या दोन गोष्टींची फारकत झालेली असते. पडद्यावर इतिहास दिसतो; तो कोणाच्या खर्चाने दिसतो ते दिसत नाही. शेवटच्या नामावलीत छायाचित्रकार, संकलक, ध्वनिमुद्रक यांची नावे येतात. ज्यांच्या आठवणींवर चित्रपट उभा आहे त्यांची नावे पुष्कळदा 'ग्रामस्थांचे आभार' या एका ओळीत विरून जातात.

ही फारकत तंत्रातील बदलामुळे अधिक तीव्र झाली आहे. फिल्मवर काम होत असे तेव्हा सोळा मिलिमीटरच्या चारशे फुटी रिळात सुमारे अकरा मिनिटांचे चित्रण मावे. प्रत्येक मिनिटाला फिल्म, रसायन आणि मुद्रण यांचा खर्च होता. त्यामुळे कॅमेरा सुरू करण्यापूर्वी 'हे विचारणे आवश्यक आहे काय?' असा प्रश्न निर्मात्याला स्वतःला करावा लागे. तो प्रश्न नैतिक नव्हता, आर्थिक होता. पण त्याचा एक परिणाम नैतिक होता. बोलणाऱ्याच्या वेळेला आपोआप एक मर्यादा पडत असे. अंकीय कॅमेऱ्याने ही मर्यादा जवळजवळ नाहीशी केली. आता एका तासाऐवजी पाच तास चित्रण करण्यास निर्मात्याला फारसे अधिक द्यावे लागत नाही. पण समोर बसलेल्या माणसाचे पाच तास हे पाच तासच राहतात. चित्रणाचा खर्च कमी झाला असे म्हणताना, त्या खर्चाचा भार निर्मात्याकडून साक्षीदाराकडे सरकला आहे, हे लक्षात घेतले जात नाही.

हा मुद्दा आंबेगाव तालुक्याच्या संदर्भात तपासता येईल. ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळाले ते आंबेगाव घोड नदीवरील डिंभे धरणाच्या पाण्यात गेले. तालुक्याचा कारभार घोडेगावहून चालतो. नाव मात्र बुडालेल्या गावाचे आहे. धरणाने ज्यांच्या जमिनी घेतल्या त्यांत महादेव कोळी आदिवासी मोठ्या संख्येने होते. पाणी उतरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळाच्या जमिनीवर पीक घेणे, जलाशयातील मासेमारीवर सहकारी संस्थेमार्फत आपला हक्क सांगणे, अशा मार्गांनी त्यांनी आपले जगणे पुन्हा उभे केले. या कामात त्यांच्याबरोबर असलेल्या 'शाश्वत' या संस्थेला 2012 साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले.

या प्रदेशाचा दीर्घ इतिहासपट करावयाचा झाल्यास निर्मात्यापुढे साधनांचा प्रश्न ताबडतोब उभा राहील. धरणाची कागदपत्रे कार्यालयांत आहेत. त्यांत क्षेत्र, नुकसानभरपाई, पाण्याची पातळी यांचे आकडे आहेत. पण कोणत्या बांधाशी कोणाची भाचरे खेळत, देवाची जत्रा कोणत्या वाटेने जाई, घर सोडण्याच्या दिवशी प्रथम काय उचलले गेले, याची नोंद कोणत्याही दफ्तरात नाही. ती माणसांच्या स्मरणात आहे. येथे साक्षीदार हाच दफ्तरखाना आहे, आणि हा दफ्तरखाना सकाळी दहाला उघडत नाही. भाताची लावणी, हिरडा गोळा करण्याचे दिवस, मजुरीसाठी बाहेर जाण्याचा हंगाम यांतून उरलेल्या वेळात तो बोलतो. निर्मात्याला सोयीचे दिवस आणि साक्षीदाराला मोकळे दिवस जुळत नाहीत तेव्हा कोणी थांबावे, हा या निर्मितीतील पहिला नैतिक प्रश्न होय. ज्याच्याकडे पैसा कमी आहे त्याला थांबणे परवडत नाही. आणि थांबणे परवडत नाही म्हणून तो दुसऱ्याला थांबवतो.

याच तालुक्यातील माळीण गावाचे उदाहरण आणखी कठोर आहे. 30 जुलै 2014 रोजी सकाळी डोंगर खचून हे गाव गाडले गेले आणि दीडशेच्या वर माणसे मृत्यू पावली. गाव जागेवर नाही, हे प्रथम एस.टी.च्या चालकाच्या लक्षात आले आणि त्याच्यामुळे बाहेर बातमी कळली. त्यानंतरच्या दिवसांत तेथे कॅमेऱ्यांची गर्दी झाली. जे वाचले त्यांना तोच प्रसंग पुन्हा पुन्हा सांगावा लागला. पुढे 2017 साली जवळच आमडे येथे नवे माळीण वसले. तेथे इतिहासपटासाठी जाणारा निर्माता वार्ताहरासारखा घाईत नसेल. तो सावकाश, आदराने विचारील. तथापि ऐकणाऱ्याचा हेतू बदलला म्हणून सांगणाऱ्याचे सांगणे हलके होत नाही. इतिहासकार आणि वार्ताहर यांतील भेद विचारणाऱ्याच्या लेखी मोठा असेल. ज्याला आपल्या घरातील मृतांची नावे पुन्हा उच्चारायची आहेत त्याच्या लेखी तो फारसा नाही.

या टप्प्यावर दीर्घतेच्या बाजूने एक समर्थ युक्तिवाद पुढे येतो. अल्प वेळाचा चित्रपट साक्षीदाराच्या बोलण्यातून एक वाक्य उचलतो आणि ते निवेदकाच्या विधानाचा पुरावा म्हणून वापरतो. दीर्घ चित्रपट त्याला बोलू देतो, अडखळू देतो, गप्प राहू देतो. वांग बिंग यांच्या 'डेड सोल्स' (2018) या आठ तासांहून मोठ्या चित्रपटात चीनच्या गान्सू प्रांतातील श्रमछावणीतून वाचलेली वृद्ध माणसे बोलतात. त्यांना दिलेला अवधी हाच त्या चित्रपटाचा आशय आहे. दीर्घता ही येथे साक्षीदाराला परत केलेली वस्तू ठरते: त्याने दिलेला वेळ प्रेक्षकाच्या वेळाने फेडला जातो.

हा युक्तिवाद मोलाचा आहे. पण तो पुरेसा नाही. क्लोद लान्झमान यांच्या 'शोआ' (1985) या नऊ तासांहून दीर्घ चित्रपटात त्रेब्लिंका छावणीत मृत्यूच्या दारातील स्त्रियांचे केस कापावे लागलेला न्हावी एका केशकर्तनालयात बोलतो आहे. एका क्षणी त्याचे शब्द थांबतात. पुढे बोलता येणार नाही असे तो सुचवतो. लान्झमान त्याला बोलत राहण्याची गळ घालतात. हा प्रसंग चित्रपटेतिहासातील थोर साक्षींपैकी एक मानला जातो, आणि तो तसा आहे. तरीही येथे दीर्घता परतफेड म्हणून आलेली नाही. ती आणखी मागणी म्हणून आली आहे. वेळ देणे आणि वेळ घेणे ही एकाच कृतीची दोन नावे असू शकतात. त्यांतील कोणते खरे, ते चित्रपटाच्या लांबीवरून ठरत नाही. थांबण्याचा अधिकार कोणाकडे होता, यावरून ते ठरते.

परतफेडीचा दुसरा अर्थ महाराष्ट्रातील एका कृतीत सापडतो. आनंद पटवर्धन यांच्या 'हमारा शहर' (1985) या अनुबोधपटात शाहीर विलास घोगरे यांचे गाणे होते. 11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मारली गेली आणि त्यानंतर काही दिवसांतच घोगरे यांनी आत्महत्या केली. पटवर्धन यांनी तेथून काम सुरू केले आणि चौदा वर्षांनी, 2011 साली, सुमारे तीन तासांचा 'जय भीम कॉम्रेड' पूर्ण झाला. स्वतंत्र निर्मितीतील दीर्घ काळाचे समर्थन येथे वेगळ्या प्रकारे होते. ज्याने पूर्वी काही दिले होते, त्याच्या नसण्यापाशी निर्माता परत आला. वस्त्यांमागून वस्त्या, गाण्यांमागून गाणी ऐकत राहिला. या चौदा वर्षांना 'चिकाटी' म्हणणे अपुरे आहे. पूर्वी घेतलेल्याची जाणीव असा शब्द त्यांना अधिक शोभेल.

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे. साक्षीदाराला मोबदला दिल्यास साक्ष विकत घेतल्यासारखी होईल. पैसा देणाऱ्याला हवे तेच सांगण्याचा मोह होईल. इतिहासाची विश्वसनीयता धोक्यात येईल. हा आक्षेप निराधार नाही. पण तो साक्षीची किंमत आणि बुडालेल्या रोजाची भरपाई यांत गल्लत करतो. न्यायालयातील साक्षीदाराला प्रवासखर्च व भत्ता मिळतो म्हणून त्याची साक्ष विकली गेली असे कोणी मानत नाही. दुसरा आक्षेप असा की, निर्माताच निर्धन असल्यास तो भरपाई कोठून करणार? याचे उत्तर असे की, ऋण फेडता न येणे हा दोष नव्हे. ते ऋण नाहीच असे वागणे हा दोष होय. ज्याला आपण किती घेतले हे ठाऊक असते तो कमी घेतो. लावणीच्या दिवसांत कॅमेरा मिटून ठेवणे, दिलेली साक्ष मागे घेण्याची मुभा ठेवणे, पहिला खेळ त्याच गावात करणे, आणि शंभर तासांच्या चित्रणातून तीन तास वापरल्यावर उरलेल्या सत्त्याण्णव तासांची प्रत बोलणाऱ्यांच्या स्वाधीन करणे, यांतील बहुतेक गोष्टींना पैसा थोडाच लागतो. न वापरलेल्या चित्रणाचा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. निर्मात्याच्या दृष्टीने ते टाकाऊ असेल. ज्या घरातील वृद्धेचा आवाज त्यात आहे त्या घराच्या दृष्टीने तोच संपूर्ण चित्रपट असू शकेल.

नाणेघाटातील लेखाकडे या विवेचनानंतर पाहिले असता त्याची मर्यादाही ध्यानात येते. तो दात्याने स्वतःच्या दानाविषयी लिहिलेला लेख आहे. राजकुळाने काय दिले ते त्यात आकड्यांनिशी आहे; त्या गाई, ती कार्षापणे राजकुळाकडे कोठून आली, ते नाही. लेणे खोदणाऱ्या आणि अक्षरे कोरणाऱ्या हातांची नोंद नाही. दानलेखाचा हा स्वभावच आहे: देणारा लिहितो, म्हणून देणे तेवढे उरते. स्वल्पव्ययी इतिहासपटाचा निर्माताही पुष्कळदा असाच दानलेख लिहीत असतो. आपण उपेक्षितांना आवाज दिला, बुडालेल्या गावाला इतिहास दिला, अशी त्याची आणि त्याच्या समीक्षकांची भाषा असते. वस्तुतः आवाज त्या माणसांचाच होता आणि इतिहासही त्यांचाच होता. निर्मात्याने तो घेतला. त्याच्या कृतीला शोभेल असा लेख दानाचा नसून ऋणाचा असावयास हवा: कोणाकडून, कोणत्या हंगामात, किती घेतले आणि त्यातील किती परत केले. असा ऋणलेख ज्या इतिहासपटाच्या अंगावर वाचता येईल, त्याच्या अल्प खर्चाविषयी अभिमानाने बोलण्यास हरकत नाही.