कणा ताठ ठेवून मागता येतं का?

मराठीत 'कणा' हा शब्द आपण हाडांपेक्षा स्वाभिमानासाठी जास्त वापरतो. ताठ कण्याचा माणूस म्हणजे कोणापुढे न वाकणारा, कोणाचं काही न घेणारा. त्यामुळे नागपुरात एखाद्या ऑटोचालकाला किंवा शिवणकामावर घर चालवणाऱ्या बाईला डॉक्टर एमआरआय दाखवून सांगतात, की मणक्याचं ऑपरेशन करावं लागेल, तेव्हा त्या माणसाला दोन कणे सांभाळायचे असतात. एकात सरकलेली गादी नस दाबते आहे. दुसरा कोणत्याच फिल्मवर दिसत नाही, पण बजावत राहतो, की वस्तीपुढे, समाजापुढे हात पसरायचा नाही. पहिला वाचवायचा तर दुसरा वाकवावा लागणार, असं वाटून माणसं महिनोन्‌महिने दुखणं अंगावर काढतात. हा पेच खोटा नाही. पण मागणं म्हणजे वाकणं, ही जी समजूत त्याच्या मुळाशी आहे, तिच्याशी मला वाद घालायचा आहे.

'यात वाद कसला? मागणारा लहान होतो, हे कोणाला ठाऊक नाही?' हा पहिला आक्षेप, आणि तो हलका नाही. त्याच्या बाजूनं कुसुमाग्रजांची 'कणा' ही कविताही हमखास पुढे केली जाते. पुरानं घर धुऊन नेलेला जुना विद्यार्थी सरांकडे येतो आणि सरांचा हात खिशाकडे जाताच पैसे नाकारतो, एवढंच आपण लक्षात ठेवलं आहे. पण मुळात तो सरांच्या दारी आला कशाला? मागायलाच आला होता. त्याला एकटं वाटत होतं, पाठीवर हात हवा होता, आणि हे त्यानं तोंड उघडून सांगितलं. काय हवं, काय नको, हे त्यानं ठरवलं, देणाऱ्यानं नाही. मला त्याचा ताठपणा नकारापेक्षा या ठरवण्यात दिसतो. लहान होतो तो, ज्याच्या गरजेचं माप दुसराच कोणी काढतो.

विदर्भाला याचा याहून मोठा दाखला शोधावा लागत नाही. नागपुरात कायदा शिकलेले बाबा आमटे यांनी वरोऱ्याला आनंदवन उभं केलं ते भिकेच्या विरोधात. दान माणसाला नासवतं, श्रम त्याला घडवतात, ही तिथली भूमिका. त्याच बाबांचा मणका झिजत गेला, शस्त्रक्रिया झाल्या, आणि पुढची कित्येक वर्षं त्यांना बसता येत नव्हतं. उभं राहायचं किंवा आडवं पडायचं, एवढंच हाती होतं. १९८५मध्ये, सत्तरीच्या घरात असताना, ते कन्याकुमारीहून काश्मीरकडे भारत जोडो यात्रेला निघाले ते गाडीत आडवे पडून, सोबत सायकलवरची तरुण मुलं घेऊन. कोणीतरी गाडी चालवली, कोणीतरी उठवलं, कोणीतरी टेकू दिला. दान नाकारणाऱ्या माणसानं हे हात नाकारले नाहीत. यात मला विसंगती दिसत नाही. त्यांचा विरोध होता तो घेणाऱ्याला कायमचा घेणारा करून ठेवणाऱ्या देण्याला. ज्या मदतीनं माणूस पुन्हा आपल्या कामाला लागतो, तिची जात वेगळी.

'बाबांची गोष्ट वेगळी, त्यांच्यासाठी देश धावला असता. साध्या माणसानं कोणाकडे जायचं?' या प्रश्नात एक गोंधळ आहे. समाजाकडे मागायच्या गोष्टी आणि मुळातच आपल्या हक्काच्या गोष्टी आपण एकाच पदरात टाकतो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळू शकतात, आणि मणक्याच्या अनेक शस्त्रक्रिया तिच्या यादीत आहेत. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो तो याचसाठी. धर्मादाय रुग्णालयांना उच्च न्यायालयाच्या २००६च्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दरात द्याव्या लागतात. नागपुरातली मेडिकल आणि मेयो ही रुग्णालयं तर सरकारचीच. रेशनकार्ड घेऊन तिथे उभं राहणाऱ्यानं मान खाली घालण्याचं काहीएक कारण नाही. इथे विनवणीचा सूर लावावा लागत असेल, तर तो दोष खिडकीच्या आतल्या बाजूचा. आणि हक्काचं आधी पदरात पाडून घेणं हे समाजाविषयीचंही कर्तव्य आहे. कारण वर्गणीतून जमलेला पैसा ज्याला कोणतीच योजना लागू होत नाही त्याच्यासाठी उरायला हवा. ज्याला ओळखी आहेत, ज्याला आपलं दुःख चांगलं मांडता येतं, त्यालाच समाज भरभरून देतो आणि मुका उपाशी राहतो, हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच मोठ्या खर्चाचा भार दयेवर टाकू नये.

मग समाजाकडे मागायचं काय? मला वाटतं, मणक्याच्या बाबतीत खरी अडचण इथे सुरू होते. नागपूरला एका दिवसाचं देणं उत्तम जमतं. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर अनोळखी माणसांना जेवू घालणारे हात मोजता येत नाहीत. पण मणक्याच्या ऑपरेशननंतरची गरज एका दिवसाची नसते. रुग्ण बहुधा लवकर चालू लागतो, आणि बघणाऱ्यांना वाटतं, झालं, बरा झाला. प्रत्यक्षात कितीतरी आठवडे त्याला वाकायचं नसतं, वजन उचलायचं नसतं, कूस बदलताना अख्खं शरीर ओंडक्यासारखं एकदम वळवायचं असतं. उकिडवं बसता येत नाही, म्हणून कमोडची खुर्ची लागते. मणके स्क्रूनं जोडले असतील तर हाड सांधायला महिने जातात. या काळात पाण्याची बादली, सिलिंडर, पोराला शाळेतून आणणं, हीच खरी मदत, आणि ती कंटाळवाणी असते. तिला टाळ्या नाहीत. ती मिळायची तर मागणाऱ्यानं नेमकं मागावं लागतं. 'लक्ष असू द्या' म्हटलं की सगळे मान डोलावतात; 'मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी पाणी भरून द्याल का?' असं विचारलं की हो किंवा नाही म्हणावंच लागतं. ज्याला नाही म्हणता येतं, त्याच्याकडेच मोकळ्या मनानं मागता येतं.

'पण मागितलं की घरचं दुखणं चारचौघांत जातं, आणि मदतीआधी सल्ले येतात.' येतात खरे. मणक्याचं ऑपरेशन म्हणजे खाटेला खिळणं, ही भीती घरोघरी आहे. तिच्यात थोडं तथ्यही आहे: गादी सरकल्याचं दुखणं बऱ्याच जणांचं काही आठवड्यांत ऑपरेशनशिवाय उतरतं, म्हणून दुसऱ्या डॉक्टरचं मत घेणं शहाणपणाचंच. पण लघवी-शौचावरचा ताबा सुटू लागला किंवा पाय लुळा पडत चालला, तर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मतांसाठी थांबायला वेळ नसतो. हात मागितला म्हणजे निर्णयही हाती दिला, असं होत नाही. किती सांगायचं तेही रुग्णानंच ठरवावं. पाणी भरून देणाऱ्याला एमआरआय दाखवावा लागत नाही.

एका आक्षेपाला मात्र माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. गडचिरोलीहून किंवा छिंदवाड्याहून आलेली बाई मेडिकलच्या वॉर्डात पडली आहे, तिचे भाऊबंद दूर राहिले, नवरा मजुरी सोडून किती दिवस थांबणार? तिनं कोणत्या समाजाकडे मागायचं? मागण्याचं धैर्य हवं, हे माझं सगळं म्हणणं तिच्यापाशी अपुरं पडतं. तिथे शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाची बहीण 'काही लागतं का?' असं विचारते, आणि उत्तर बहुतेकदा 'काही नाही' असंच येतं. ते त्या न दिसणाऱ्या कण्याचं उत्तर असतं. बहिणीनं ते ऐकून घ्यावं आणि आपली बाटली भरायला जाताना तिचीही उचलावी.