हिशेब पुन्हा मांड

गणेशोत्सवाच्या जेवणाला तू चार नव्या मुलांना समोर बसवून जे सांगत होतास, ते मी शेजारच्या टेबलावरून ऐकले. चारचौघांत बोलले नाही, कारण तुझा मुलगा तिथेच उभा होता. आता लिहून बोलते, आणि मऊ बोलणार नाही. "वॉशिंग्टन राज्य आपल्या पगारातून उगाच पैसे कापतं, मी एकवीस सालीच अंग काढून घेतलं, तुम्हीही काहीतरी वाट शोधा," हे तू त्या पोरांना शिकवलेस. चुकीचे गणित स्वतःच्या वहीत केले असतेस, तर मी लाल रेघ मारून पुढे गेले असते. ते तू दुसऱ्यांच्या वहीत उतरवून दिलेस, म्हणून हे पत्र.

ही योजना तू वाचलेली नाहीस, हे तुझ्या दुसऱ्याच वाक्यात कळले. तेव्हा आधी ती ऐक. 'डब्ल्यूए केअर्स' या निधीचा कायदा २०१९ मध्ये झाला, गव्हर्नर जे इन्स्ली यांच्या सहीने. म्हातारपण, अपघात, पक्षाघात, स्मृतिभ्रंश, कारण कोणतेही असो. अंघोळ, कपडे, जेवण, उठबस, औषधे अशा रोजच्या गोष्टींपैकी निदान तीन गोष्टींसाठी माणसाला दुसऱ्याचा आधार लागू लागला, की त्या सेवेचा खर्च या निधीतून द्यायचा. त्यासाठी नोकरदाराच्या पगारातून शंभर डॉलरमागे ५८ सेंट जातात. कपात १ जुलै २०२३ ला सुरू झाली, लाभाची तारीख १ जुलै २०२६ ठरली. एका माणसाला आयुष्यभरात मिळून ३६,५०० डॉलर, आणि ही रक्कम महागाईप्रमाणे वाढत जायची. दहा वर्षे भरले की हक्क पक्का. नाहीतर गरज पडेल तेव्हा मागच्या सहा वर्षांपैकी तीन वर्षे भरलेली असली तरी चालते. १९६८ च्या आधी जन्मलेल्यांची दहा वर्षे पुरी होणे अवघड, म्हणून त्यांना भरलेल्या दर वर्षामागे दहा टक्के. तुला आधीपासून काय आजार आहे, हे कोणी विचारत नाही. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेव, पुढे लागेल.

आता तुझे गणित. "भरायचं जास्त, मिळायचं कमी." पगार दोन लाख डॉलर धर. वर्षाला १,१६० डॉलर जातात. ३६,५०० ला १,१६० ने भाग. तेवढी रक्कम भरायलाच सुमारे साडेएकतीस वर्षे लागतात, आणि तोवर मिळायची रक्कमही महागाईबरोबर वर गेलेली असणार. पगार वाढेल तसा हप्ता वाढेल, हे मला मान्य आहे. सोशल सिक्युरिटीच्या कपातीला पगाराची कमाल मर्यादा असते, हिला नाही, त्यामुळे चार लाख मिळवणारा सोळा वर्षांच्या आतच तेवढे भरून बसतो, हेही मान्य आहे. त्यावर भांडायचे तर भांड, ते भांडण खरे आहे. पण "लूट" म्हणण्याआधी भागाकार करायचा असतो. तो तू केला नव्हतास. तेच पैसे शेअर बाजारात टाकले तर किती होतील, हे मात्र तुला पाठ होते. बेचाळिसाव्या वर्षी गाडीच्या अपघातात पाठीचा कणा दुखावला, तर त्या बाजारात तोवर किती जमलेले असेल? विमा उतरवतात तो अशा दिवसासाठी. तो दिवस आला नाही तर पैसे बुडाले म्हणून रडायचे नसते.

२०२१ मध्ये तू काय केलेस, तेही आता सरळ शब्दांत मांडू. ज्याच्याकडे १ नोव्हेंबर २०२१ पूर्वी घेतलेली दीर्घकालीन सेवेची खासगी पॉलिसी असेल, त्याला कायमची सूट मागता येत होती. त्या वर्षी अशी झुंबड उडाली की विमा कंपन्यांनी राज्यात या पॉलिसी विकणे थांबवले. जवळजवळ पाच लाख लोकांनी सूट घेतली. तू मिळेल ती सर्वांत स्वस्त पॉलिसी घेतलीस, सूट मंजूर झाल्याचे पत्र हातात पडले, आणि काही महिन्यांतच तिचे हप्ते बंद केलेस. पॉलिसी चालू आहे की नाही, हे नंतर कोणी विचारले नाही. हे तू हसत सांगितलेस. त्या हसण्याचा मला राग आला.

कायद्यात बसत होते, असे म्हणशील. बसत होते. पण बाहेर कोण पडले ते बघ. ज्यांना बातमी वेळेत कळली, ज्यांच्या ओळखीत विमा एजंट होता, ज्यांना एका पॉलिसीचे पैसे सहज टाकता आले, ते पडले. तुमच्या गल्लीच्या टोकाला जे अ‍ॅडल्ट फॅमिली होम आहे, तिथे परक्या म्हाताऱ्यांचे डायपर बदलणारी बाई बाहेर पडली नाही. तिच्याकडे ना तो एजंट होता, ना ते पैसे. तिच्या पगारातून आजही शंभराला ५८ सेंट जातात. तुझ्यासारख्या मोठ्या पगाराच्या माणसाने काढून घेतलेला वाटा भरून काढायचा, तर एक दिवस दर वाढवावा लागेल नाहीतर लाभ घटवावा लागेल, आणि दोन्हींचा फटका तिला बसेल. तू निधीला नाही फसवलेस. तिला फसवलेस.

आणि हे तू करावेस? तुझे वडील कारखान्यात होते. त्यांच्या पोटाचे ऑपरेशन ईएसआयच्या दवाखान्यात झाले, तेव्हा तू माझ्या वर्गात होतास आणि आठवडाभर शाळेत आला नव्हतास. ईएसआय तरी दुसरे काय आहे? आज त्यासाठी कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापतात, मालक ३.२५ टक्के भरतो. वडिलांच्या खात्यातल्या धडधाकट जवानांनी "आम्हाला कुठे काय मिळालं" म्हणून अंग काढून घेतले असते, तर ते ऑपरेशन कोणाच्या पैशाने झाले असते?

सेवेला किती लागते, हे तुला मी शिकवायची गरज नाही. आईच्या खाटेजवळ ब्युरोच्या दोन बाया आहेत, एक दिवसाची, एक रात्रीची. त्यांचे पैसे तू महिन्याच्या महिन्याला चोख पाठवतोस, त्यात मी तुला नावे ठेवणार नाही. पण रात्रीची बाई आली नाही की काय होते, ते तुझ्या बहिणीला विचार. ती बँकेत रजा टाकते, आईला कुशीवर वळवते, पाठीला पावडर लावते, चादर बदलते, आणि सकाळी न झोपता ठाण्याहून लोकल पकडते. तू राहतोस त्या रेडमंडमध्ये तुझी बहीण नाही. तुझ्यावर ती वेळ आली, तर ते तुझ्या बायकोच्या अंगावर पडेल, किंवा नोकरी सोडून आलेल्या तुझ्या मुलाच्या. या निधीतून घरच्या माणसालाही सेवेबद्दल पैसे देता येतात, अगदी नवऱ्याला किंवा बायकोलासुद्धा. बाथरूममध्ये दांडे बसवणे, दारात उतार करणे, चाकाची खुर्ची, घरपोच जेवण, हेही त्यात बसते. तुला हे माहीत नव्हते. तरी तू लोकांना सल्ला दिलास.

"छत्तीस हजारांत काय होतं," हे तुझे पुढचे वाक्य. तासाला ३५ डॉलर धरले तर १,०४० तासांहून थोडे अधिक होतात. आठवड्याला वीस तास, असे एक वर्ष. ज्याला दहा वर्षे अंथरुणावर काढायची आहेत, त्याला हे पुरणार नाही, आणि पुरेल असे मी म्हणत नाही. पण पक्षाघातानंतरचे पहिले वर्ष, घर गहाण न टाकता निभावले, तर ते थोडे आहे का? अमेरिकेत मेडिकेअर सगळे बघते, असे अर्ध्या लोकांप्रमाणे तूही धरून चालला आहेस. मेडिकेअर रोजच्या अंघोळीपांघोळीचा खर्च देत नाही. इस्पितळातून सुटल्यावर नर्सिंग होममधल्या उपचारांचे फार तर शंभर दिवस बघते, तेही अटींवर. मेडिकेड देते, पण त्यासाठी आधी कफल्लक व्हावे लागते. राहते घर आणि अशा काही वस्तू वगळल्या, तर एकट्या माणसाकडे साधारण २,००० डॉलरपेक्षा जास्त शिल्लक चालत नाही. आणि खासगी पॉलिसी तू साठीला घेऊ म्हणशील, तेव्हा ते तुझी साखर, तुझा रक्तदाब, तुझ्या आईचा स्मृतिभ्रंश, सगळे विचारतील आणि नाही म्हणायला मोकळे असतील. आज तुझ्याकडे ना पॉलिसी आहे, ना निधीतला हक्क. एवढी हुशारी करून तू उघडा पडला आहेस, आणि तुला ते कळलेलेही नाही.

ऐच्छिक ठेवले असते तर काय बिघडले असते, असे तू विचारलेस. तो प्रयोग होऊन गेला आहे. २०१० च्या आरोग्य कायद्यात टेड केनेडी यांच्या आग्रहाने 'क्लास' नावाची अशीच योजना घातली होती, पण ज्याला हवी त्याने घ्यावी अशी. हिशेब करणाऱ्यांना लगेच दिसले की आजारीच लोक आधी येणार, हप्ता वाढणार, मग निरोगी आणखी लांब राहणार. ऑक्टोबर २०११ मध्ये सरकारने हात टेकले आणि २०१३ च्या सुरुवातीला ती रद्दच झाली. जर्मनीने १९९५ मध्ये असा विमा सक्तीचा केला, जपानने २००० मध्ये चाळिशीपुढच्या सगळ्यांना; ते दोन्ही टिकले आहेत. वॉशिंग्टनमध्येही नोव्हेंबर २०२४ मध्ये ही कपात ऐच्छिक करावी असा प्रस्ताव मतदानाला आला होता, २१२४ क्रमांकाचा. पंचावन्न टक्के लोकांनी तो फेटाळला. त्यांत असे कितीतरी असतील ज्यांच्या पगारातून दर महिन्याला पैसे जात होते.

त्या मुलांना मात्र तू खरी माहिती द्यायला हवी होतीस. ती एच-१बी व्हिसावर आहेत. २०२१ मध्ये व्हिसावरच्या माणसाला पैसे भरून गावी परत जायचे आणि काहीच मिळायचे नाही, ही तक्रार अगदी रास्त होती. म्हणून २०२२ मध्ये कायदा बदलला, आणि तात्पुरत्या व्हिसावर असेपर्यंत सूट मिळण्याची सोय झाली. ग्रीन कार्ड मिळाले की ती संपते आणि तसे नव्वद दिवसांत कळवावे लागते. हे सांगायला दोन मिनिटे लागली असती. दुसऱ्या राज्यात गेले की पैसे बुडाले, हेही आता खरे नाही. २०२४ च्या दुरुस्तीने तीन वर्षे भरलेल्याला बाहेर जाऊनही वर्गणी चालू ठेवता येते, आणि राज्याबाहेर लाभ जुलै २०३० पासून मिळायचा आहे. तुझी यांपैकी एकही अडचण नव्हती. तुझ्या हातात २०२१ मध्येच ग्रीन कार्ड होते.

खासगी पॉलिसीच्या नावावर सूट घेतलेल्यांना ती सोडून परत येण्याची वाट २०२५ मध्ये विधिमंडळाने काढून दिली आहे, ठरावीक मुदतीपुरती. आधीच्या वर्षांचे काही मिळणार नाही; तुझी वर्षे तू आत आलास त्या दिवसापासून मोजली जातील. तू सत्तेचाळीसचा आहेस. साठीपर्यंत दहा वर्षे पुरी होऊन तीन हातात राहतात. सूट राज्याच्या रोजगार सुरक्षा खात्याने दिली होती, तिथेच ती परत करायची. पत्र शोध, सापडत नसेल तर त्यांच्याकडे चौकशी कर, आणि कंपनीच्या पगार विभागालाही कळव. तुझ्या बायकोने घेतलेली सूट वेगळी आहे, तिचा निर्णय तिने घ्यावा, पण हे पत्र तिला वाचायला दे. दिवाळीच्या आत काम झालेले मला हवे आहे.